कासव आणि स्वच्छ काच

वस्तू अजून मोकळेपणी बोलत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. कुमुदताई कर्णिकांच्या दिवाणखान्यात पाण्याच्या ताटलीत एक पितळी कासव बसलेलं असे. त्याच्याकडे पाहूनच ताईंनी नवीन आणलेलं जिवंत कासवही पाणी भरलेल्या काचपेटीत ठेवलं. कासव म्हणजे पाणी, एवढंच त्यांना ठाऊक! हे पिल्लू मात्र कोरड्या माळावरचं होतं. ते पेटीतल्या दगडावर चढलं आणि काचेला धडका देऊ लागलं.

"डोकं कशाला आपटतोस? अख्खं घर दाखवते ना तुला!" काचपेटी म्हणाली.

"दाखवतेस, पण जाऊ देत नाहीस," कासव म्हणालं. ठक्क!

"मी वीस वर्षं पाण्यात आहे," पितळी कासवाने सुनावलं. "कधी कुरकुर केली का?"

"तुम्हाला श्वास कुठे घ्यावा लागतो, दादा?" ठक्क!

तिसऱ्या दिवशी त्याचं नाक सोलवटलं. पेटी धुवायला ताईंनी त्याला खाली ठेवलं, तर ते तडक कोपऱ्यातल्या जुन्या टेबलाच्या जमिनीलगतच्या ड्रॉवरकडे गेलं. ताईंनी उचलून आणलं. ते पुन्हा तिकडेच गेलं. असं चारदा झालं.

"बरं बाबा, तुझंच खरं!" म्हणत ताईंनी तो ड्रॉवर बाहेर काढून त्यात कोरडी माती पसरली, वर दिवा लावला आणि कासवाला आत सोडलं.

ड्रॉवर ओशाळून म्हणाला, "माझ्या लाकडातून पलीकडचं काहीच दिसत नाही रे."

"पण लाकूड तर दिसतं ना!" कासव म्हणालं. "भिंत दिसली की वळता येतं."

आणि ते वळलं.