तिसरी ढोली

एका रानात, डोहाच्या वरच्या अंगाला, पळसाच्या बुंध्याशी एक सशीण आपली चार पिल्लं घेऊन राहत असे. त्या डोहाला दर उन्हाळ्यात एक राखणदार नेमायची रीत होती. काठावरच्या जुन्या अर्जुनाच्या झाडाला दोन ढोल्या होत्या, एक लांडग्याची, एक कोल्ह्याची. ज्याला जो हवा, त्याच्या ढोलीत एक करंजाची बी टाकायची. ज्याच्या बिया जास्त, तो राखणदार. पण कोणीही आला तरी सकाळचं नितळ पाणी त्याच्या गोतावळ्याला, आणि दुपारचा गाळ बारक्या जनावरांना. होता होता बारक्यांनी तिकडे फिरकायचंच सोडलं. सशीणही त्यातलीच. "बी टाकून काय उगवतंय?" म्हणायची आणि पाठ फिरवायची.

त्या वर्षी डोह फार आटला. सशिणीचं धाकटं पिल्लू तहानेनं डोळा उघडेना. अशात डोहातलं म्हातारं कासव एका सकाळी काठावर आलं, चिखलात बसलं आणि म्हणालं, "यंदा मी उभा राहतोय. पाणी सगळ्यांना, पाळीपाळीनं."

कोल्हा हसला. "राहा की आजोबा! पण ढोल्या दोनच. तिसरी कोरायची तर चाळीस जणांनी या ओल्या चिखलात आपापलं पाऊल उमटवायचं, सूर्य माथ्यावर यायच्या आत. नियम आहे."

"हा नियम कधी झाला?" सुतारपक्ष्यानं फांदीवरून विचारलं.

"तू विचारलंस तेव्हा," कोल्हा म्हणाला. एरवी वर्षभर एकमेकांवर गुरगुरणारे लांडगा आणि कोल्हा त्या दिवशी एकाच सावलीत मांडीला मांडी लावून बसले. बारके येत नाहीत, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. आणि चिखल तर बघता बघता वाळत चालला होता.

सशीण धावत सुटली. साळूच्या बिळाशी जाऊन म्हणाली, "साळूदादा, चला."

"कशाला बाई? मोजणारं वानर त्यांचंच. कोण येणार ते आधीच ठरलेलं असतं."

"मीही हेच म्हणत होते. पण गेल्या साली बिया मोजल्या तेव्हा मी झुडपात होते. लांडग्याच्या निघाल्या अकरा, कोल्ह्याच्या नऊ. अख्ख्या रानात वीस बिया, दादा! चोरायला तरी कुणी टाकलेल्या हव्यात ना?"

साळूनं बिळातून डोकं बाहेर काढलं. मग म्हणाला, "आणि वानरानं लबाडी केली तर?"

"तर समोर उभं राहून धरू. बिळात बसून काय दिसणार?"

साळू काटे खुळखुळवत बाहेर आला. मुंगूस मात्र म्हणालं, "आली मोठी पुढारीण!" पण आलं. घोरपड आली, तित्तिर आले, मागून रानउंदरांचं सगळं घर आलं. सशीण या झुडपातून त्या झुडपात पळत राहिली. ऊन चढत राहिलं.

शेवटी वानरानं ठसे मोजले. "एकोणचाळीस!"

सूर्य माथ्यापासून हातभर राहिला होता. बोलवायला कोणी उरलं नव्हतं. सशीण चहूकडे पाहू लागली. साळूनं तिच्याकडे पाहिलं. "बाई, तुझं पाऊल कुठाय?"

सगळं रान हिंडली, आणि स्वतःचंच राहिलं! तिनं चिखलाकडे झेप घेतली. पण चिखलाची पापडी झाली होती. तिच्या हलक्या पावलाचा ओरखडासुद्धा उठेना. पुन्हा उडी, पुन्हा काही नाही. कोल्ह्यानं आळस दिला. "चला, झालं म्हणायचं."

कासव सकाळपासून जागचं हललं नव्हतं. ते आता सावकाश एक पाऊल बाजूला सरलं. त्याच्या पाठीच्या सावलीत तेवढा चिखल ओला राहिला होता.

"इथं ठेव, पोरी."

सशिणीनं पाऊल ठेवलं. बोटं न् बोटं उमटली. वानरानं लांडग्याकडे पाहिलं, मग भोवतालच्या सगळ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणालं, "चाळीस."

सांजेपर्यंत सुतारपक्ष्यानं तिसरी ढोली कोरली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी बिया टाकल्या, मग त्या उघड्या खडकावर ओतल्या, सगळ्यांच्या देखत मोजल्या. कासव जिंकलं का? नाही, बाळांनो. चार बियांनी हरलं. लांडग्यानं आणि कोल्ह्यानं रातोरात दूरदूरचा गोतावळा बोलावून सगळ्या बिया लांडग्याच्याच ढोलीत टाकल्या होत्या. राखणदार लांडगाच झाला. पण खडकावरचा कासवाचा ढीग लांडग्यानं फार वेळ न्याहाळला होता. मोजणीच्या दुसऱ्या पहाटे सशीण भीतभीत पिल्लांना घेऊन डोहावर आली, तेव्हा तो काठावरून थोडा मागे सरला. "या," तो म्हणाला, "पाणी नितळ आहे तोवर पिऊन घ्या."

धाकट्यानं पहिला घोट घेतला आणि डोळे उघडले.

तात्पर्य : आपल्या एकट्यानं काय होतंय, म्हणून जो घरी बसतो, तोच मूठभरांचं राज्य चालू ठेवतो. वाट अडवलेली असो, भरवसा उडालेला असो, आपलं पाऊल आपणच उमटवावं आणि मोजणीला समोर उभं राहावं.