सासऱ्याचा काळा रंग

आडबाजूच्या एका गावात एक भोळा जावई होता. नाव गेनबा. त्याचा सासरा केरबा जत्रेसाठी शोभेची दारू बनवायचा. लेकीला, सारजाला, त्यानं माहेरीच अडकवून ठेवलं होतं.

"जत्रेचं दारूकाम नीट पार पाडा जावईबापू, मगच पोरगी धाडतो."

म्हातारा शिकवायला बसला. शिकवणं कमी, खेकसणं जास्त.

"ही पांढरी भुकटी लाल जळते. ती पांढरी, हिरवी. रंग जाळल्यावर कळतो. समजलं?"

"समजलं, मामा."

सासूनं लाल लुगडं आणायला धाडलं. गेनबानं पांढरंफेक आणलं.

"अगं बाई! माझा नवरा जिता आहे अजून!"

"जाळून तर बघा," म्हणत गेनबानं काडी ओढली.

लुगडं गेलं. केरबानं कपाळ बडवलं आणि पुढचा धडा दिला. "दारूजवळ मीठ आणू नका. कणभर पडलं तरी पिवळी ज्वाळा उठते, बाकीचे रंग गिळते."

"समजलं, मामा."

दुपारी गावजेवण. आमटी लालभडक. गेनबाला मीठ घालायला सांगितलं. त्यानं घातलं नाही. एवढा छान रंग कोण बिघडवील? पाटलांनी पहिला घास थुंकला.

"अहो, मिठावाचून गोडी असते का कशाला?" केरबा गरजला. "आधी मीठ!"

"समजलं, मामा," म्हणत गेनबा चिमूट टाकून स्वतःच आमटी भुरकू लागला.

"आणि पहिला मान थोरांचा! काहीही असो!"

"समजलं, मामा."

जत्रेत गेनबानं दारूत आधी मीठ कालवलं. मुठीमुठीनं. लाल झाड पिवळं फुटलं. हिरवं चक्र पिवळं फिरलं. निळा मोर पिवळाच नाचला.

"केरबा, तुझ्या दारूला कावीळ झाली का रे?" पाटील ओरडले. जत्रा खिदळली.

केरबा जावयाकडे वळला. "जा! तोंड काळं कर!"

गेनबा गोंधळला. काळा रंग कुणी शिकवलाच नव्हता.

"मामा, काळा कशानं येतो?"

"कोळशानं, गाढवा!"

गेनबानं कोळशाच्या भुकटीत दोन्ही हात बुडवले. गालापर्यंत नेले. थांबला. पहिला मान थोरांचा.

त्यानं सासऱ्याचं तोंड कानापर्यंत काळं केलं. मग पाटलांकडे वळला. ओट्यावरची सगळी थोर मंडळी धोतरं सावरत पळाली. सगळ्यांत पुढं केरबा.

सारजा हसून हसून वाकली होती. तिनं गाठोडं उचललं. "बाबा गेले तोंड काळं करून. आता अडवतंय कोण? चला घरी."

गेनबानं हात पुसले नाहीत.

"वाटेत तुझे थोरले काका लागतात ना?"