गैरहजर खेळाडू

आपल्या दादाला गावच्या संघात परत का जाऊ दिलं नाही, हे टोबीला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. अमेरिकेत बेसबॉलचे पगारी संघ तेव्हा नवे होते आणि मालक सोडेपर्यंत खेळाडू त्याचाच, अशी रीत होती. परवा दादा, म्हणजे ओवेन, तापाने गेला. टोबी गावचा निळा सदरा घेऊन शवपेटीपाशी आला, तर दादाच्या पगारी संघाचा मालक थॅकर आडवा आला.

“नाव माझ्या यादीत आहे. माझ्याच गणवेशात पुरायचा!”

टोबीला धड वाचता येत नव्हतं, पण मालकाचा एक नियम त्यालाही पाठ होता.

“साहेब, सामन्याला गैरहजर राहिला तर?”

“नाव कापतो! कारण काहीही असो.”

“आई मेली तरी?”

“तरी कापतो.”

“मग कालच्या सामन्याला आमचा दादा आला होता का?”

जमलेले सगळे खेळाडू मालकाकडे बघू लागले. थॅकरने टोपी चढवली आणि तो निघून गेला.

टोबीने दादाला निळा सदरा घातला. उघड्या हातांनी चेंडू झेलून वाकडी झालेली दादाची बोटं बटणं लावू शकत नसत. दर सामन्याआधी टोबीच लावून द्यायचा. आजही त्याने ती एकेक करून लावली, अगदी गळ्यापर्यंत.