साळू गुरविणीची दोन पाणी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. माझ्या पणजीलाही ते ठाऊक नव्हतं, आणि तिला तर अख्ख्या गावाच्या कुंडल्या पाठ होत्या.

आमच्या वाफेरे गावात घाटाच्या पायथ्याशी कढत पाण्याचं कुंड आहे. तिथून वीस पावलांवर ओढा आहे, त्यात भर वैशाखातही पाय घातला की दात वाजतात. या दोन पाण्यांच्या मधोमध एक देवळी आहे, आणि त्या देवळीची पूजा करायची साळू गुरवीण. नवरा लवकर गेला, तेव्हा पूजा तिच्याकडे आली. बाई मोठी फटकळ! असं म्हणतात, की तिनं नुसतं झापलं तरी आजारी माणूस अर्धा बरा व्हायचा, आणि उरलेला अर्धा लाजेनं.

देवाच्या स्नानाला दोन्ही पाणी मिसळून लागायचं. साळू कळशी घेऊन दिवसभर कुंडात उतरायची, मग ओढ्यात, पुन्हा कुंडात. सकाळी रानातून फुलं-बेल आणताना तिचे पाय भरून यायचे, पण या खेपा झाल्या की असे हलके व्हायचे, की तिचं तिलाच नवल वाटायचं. तिनं भोयांना ते सांगून पाहिलं. भोई हसले.

भोई म्हणजे डोली वाहणारे. आमचं गाव त्यांचंच. चौघांनी दांडा खांद्यावर घ्यायचा आणि माणूस घाटावर नेऊन सोडायचा, नाहीतर खाली आणायचा. त्यांचा एक नेम होता. घामेजल्या अंगाला गार पाणी लावायचं नाही, शिरा आखडतात, माणूस जन्माचा पांगळा होतो. त्यांचे बाप-आजे तसंच सांगत आले होते. म्हणून घाट उतरला की ते कढत कुंडात गळ्यापर्यंत बसायचे, आणि बसले की बसले! उठायचं नावच नाही.

एके दिवशी धाकू भोई आणि त्याचे तिघे सोबती एका जाडजूड सरदाराला घेऊन घाट उतरले. सरदार असा, की डोली टेकली तेव्हा दांड्यानंसुद्धा सुस्कारा सोडला म्हणतात. चौघे कुंडात जाऊन पडले. घटका झाली असेल नसेल, तोच धाकूची आई छाती पिटत धावत आली.

"धाकू, अरे येसू अडलीय! मूल आडवं आलंय रे. इथल्या सुईणीनं हात टेकले."

येसू धाकूची बायको, पहिलटकरीण. आडवं मूल फिरवणारी एकच बाई त्या मुलखात होती, घाटमाथ्यावरची गिरजा सुईण. ती गुडघ्यांनी अधू होती, तिला खाली यायला दिवस लागला असता. येसूलाच वर न्यायला हवं होतं, आणि तेही दिवस मावळायच्या आत.

धाकू उठायला गेला आणि कुंडाच्या पायरीवर कोसळला. पोटऱ्यांत गोळे आलेले, मांड्या थरथरताहेत. बाकीच्या तिघांची तीच गत, आणि गावातले इतर भोई डोल्या घेऊन घाटावर गेलेले. धाकू हमसून हमसून रडायला लागला. दुसऱ्यांच्या बायका जन्मभर वाहिल्या आणि स्वतःचीच बायको उचलायला पायांत जीव नाही, याचं दुःख काय सांगावं!

साळू देवळीतून तरातरा आली. "मेल्यांनो, शिजताय काय पाण्यात? निघा बाहेर! ओढ्यात उभे राहा, कमरेएवढ्या पाण्यात."

तिघांतला रावजी भोई म्हणाला, "वेड लागलंय काय गो तुला? पाय गेले तर पोरंबाळं काय खातील?"

"आणि नाही गेलास तर ती पोर मरेल," साळू म्हणाली.

धाकूनं तिच्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. "गेले पाय तर गेले," म्हणाला, आणि गुडघ्यांवर रांगत ओढ्याकडे निघाला. पाण्यात शिरताच त्यानं अशी बोंब ठोकली, की घाटावरची माकडं खाली आली. पण तो उभा राहिला. ते पाहून तिघेही लाजून त्याच्या मागे गेले.

मग साळू मध्ये उभी राहून ओरडायची, "ऊन!" की चौघे कुंडात. थोड्या वेळानं ओरडायची, "गार!" की चौघे ओढ्यात. जो मागे राहील त्याच्या डोक्यावर ती स्वतः कळशी ओतायची. सात वेळा ऊन, सात वेळा गार. असं म्हणतात, की त्या दिवशी ओढ्यात गारा वाहत होत्या आणि कुंडातली वाफ ढगांना टेकली होती. साळूचे हात एकदा भाजत होते, एकदा गारठत होते, पण कळशी काही खाली आली नाही.

सातव्या गारव्यानंतर धाकूनं पाय आपटून पाहिला. मग दुसरा. आणि घराकडे धावत सुटला.

येसूला डोलीत घातलं आणि चौघे घाटाला लागले. लोक सांगतात, की त्यांचे पाय जमिनीला लागतच नव्हते. घाटातल्या पाखरांना वाटलं, कुणी मोठं पाखरूच वर चाललंय. दिवस मावळायला हातभर अवकाश होता, तेव्हा डोली गिरजाच्या अंगणात टेकली. म्हातारीनं मूल फिरवलं. मुलगी झाली, आई वाचली. मुलीचं नाव काय ठेवलं असेल ते तुम्हीच ओळखा!

आता डोल्या गेल्या. घाटातून डांबरी रस्ता झाला, आणि अडलेल्या बाईला वरच्या दवाखान्यात न्यायला गाडी येते. पण बाईला घरातून आणेपर्यंत गाडी चालवणाऱ्यानं साळूच्या नावानं आधी कुंडात, मग ओढ्यात पाय बुडवायचे, हा आमच्या गावचा रिवाज. त्याशिवाय बायका गाडी हलू देत नाहीत. मागच्या वर्षी नवा ड्रायव्हर आला, शहरातला. चिडलाच तो. "गाडी चाकांवर चालते हो मावशी!" म्हणाला.

मी म्हटलं, "आणि ब्रेकवर काय चाक ठेवतोस?"

धुसफुसत बुडवले त्यानं पाय. दोनदा, तीनदा, दर खेपेला कुरकुर.

परवा खालच्या आळीतल्या पोरीला कळा सुरू झाल्या. गाडीला फोन गेला, आणि आम्ही बायका लगबगीनं ओढ्याकडे निघालो. पाहतो तर हा आमच्या आधीच पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा! दात कडकड वाजताहेत, आणि आमच्यावरच ओरडतोय, "माझे पाय झाले, मावशी! तुम्ही तिला आणा लवकर!"