शेणावाचून गुलाब

"बागेत शेणाची एक पाटी जरी आली, तरी माळ्याला तुरुंग!"

राजा मकरंदसेनाने फर्मान काढलं. राजाचं नाक भारी नाजूक. शेणखताच्या नुसत्या नावाने ते आकसायचं. राजवाड्यामागच्या मुरमाड जमिनीत गुलाब मात्र हवे होते, तेही टपोरे!

म्हातारा सोनबा माळी म्हणाला, "महाराज, उपाशीपोटी गुलाब फुलत नाही." राजाने ऐकलं नाही. सुकणारी झाडं सोनबाला बघवेनात. त्याने गुपचूप पाटीभर खत टाकलं, पकडला गेला आणि थेट कोठडीत गेला!

त्याची लेक हौसा दरबारात उभी राहिली. "महाराज, मी फुलवते गुलाब. शेणाची पाटी आत येणार नाही."

"आणि नाही फुलले तर?"

"बाबांशेजारची कोठडी माझी. फुलले, तर बाबांना सोडा."

"कबूल! बाहेरून काय आणणार?"

"पोतंभर बी."

बियांना कसला आलाय वास! राजाने मान हलवली.

पावसाळा लागताच हौसाने बागभर ताग पेरला. बघता बघता तो पुरुषभर वाढला, पिवळ्याधमक फुलांनी लहडला. राजा हरखला! पाहुण्यांना त्याने बाग हिंडून दाखवली, एक तुरा मंदिलात खोचला. "वाहवा, महाराज!" दरबाऱ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या सकाळी राजा पाहतो तर काय, हौसा ताग कापून आडवा करतेय आणि गडी तो मातीत गाडतायत!

"थांब! माझी फुलबाग गाडतेस?"

"फुलबाग कुठली, महाराज! हे खतच. हिरवं खत. हे मातीत कुजणार, त्यावर गुलाब पोसणार."

"खत?" राजाचा हात मंदिलाकडे गेला. "म्हणजे काल मी..."

"आजवर खताला एवढा मान कुणी दिला नसेल, महाराज!"

राजा लालबुंद झाला. पण पाटी काही आत आली नव्हती. "थंडीपर्यंत थांबतो," तो गुरगुरला. "मग बघतो!"

हौसाच्या जिवाला घोर लागला. रोज ती माती उकरून बघायची. हळूहळू मुरूम काळा पडला, भुसभुशीत झाला. मग तिने गुलाबाची कलमं लावली.

थंडी पडली आणि फांद्या फुलांनी वाकल्या! राजा दरबाऱ्यांसह बागेत आला, मनसोक्त हिंडला. तरी मोडेन पण वाकणार नाही, हा त्याचा बाणा!

"गुलाब झकास आहेत. पण तो ताग ऐन बहरात कशाला गाडलास? चांगला जून होईपर्यंत ठेवायचा!"

"जून झाला की तो लवकर कुजत नाही, महाराज. मातीच्या काही कामाचा राहत नाही. नुसता उभा राहतो, वारा येईल तशी मान डोलावतो आणि शेंगा खुळखुळ वाजवतो."

"अगदी खरं, महाराज!" म्हाताऱ्या दरबाऱ्यांनी एकदम माना डोलावल्या. गळ्यातले कंठे खुळखुळले.

राजाने त्यांच्याकडे पाहिलं. मग हौसाकडे. आणि असा खदखदून हसला की मंदिल कलंडला!

"सोनबाला सोडा! आणि आजपासून बागेचा सारा कारभार या पोरीकडे!" डोळे पुसत तो म्हणाला, "दरबाराचाही दिला असता गं, पण मग माझ्याजवळ उभं राहायला उरेल कोण?"