पुराव्याची पिशवी

अगं केतकी, हातातलं सोड आणि आधी ऐक, आत्ता कोपऱ्यावर काय झालं ते! आपल्या सरूमावशीची फुलांची गाडी पालिकेचा इन्स्पेक्टर ट्रकमध्ये चढवायला लागला. का, तर म्हणे पिशव्या प्लास्टिकच्या.

मावशी म्हणाली, "साहेब, मक्याच्या स्टार्चच्या आहेत. खतात पुरल्या की कुजतात. हा बघा शिक्का."

"शिक्का कुणीही छापतं! ही शंभर वर्षं कुजायची नाही."

गाडीची दोन चाकं वर गेलेली. मावशी मात्र शांत!

"न्या गाडी. फक्त पंचनाम्यात लिहा, की ही पिशवी पुरावा म्हणून तुमच्या हापिसातल्या खतखड्ड्यात पुरली, आणि सहा महिन्यांनी साहेब स्वतः ती कोर्टात अख्खी हजर करतील. शंभर वर्षांची खात्री आहे ना? मग करा सही."

त्यानं पेन काढलं. पिशवीकडे बघितलं, परत शिक्क्याकडे बघितलं. मग पेन गुपचूप खिशात गेलं.

"उतरवा रे गाडी!"

वर मावशीनं त्याला गजरा दिला, त्याच पिशवीत घालून. "वहिनींना द्या. पिशवी कुंडीत पुरा."

खरं सांग, त्याच्या जागी तू असतीस, तर केली असतीस सही?