बर्फाच्या देशातली फळी

जहाजं शिडांवर चालायची तेव्हाची गोष्ट. बंदरावरच्या वखारीत पाइनच्या दोन फळ्या शेजारी पडल्या होत्या. एक ऊबदार देशात भराभर वाढलेली, दुसरी बर्फाच्या देशातली.

"एवढीशी व्हायला शंभर वर्षं? करत काय होतीस गं?" पहिलीने विचारलं.

"बर्फ पेलत होते, बाई. उन्हाळा यायचा आणि लगेच जायचा. आता नुसतं पडून राहावंसं वाटतं."

मिस्त्रीने दोघींवर नख दाबून पाहिलं. पहिलीत ते रुतलं. तिचा त्याने फळांचा खोका केला.

"ही चिवट आहे, वाकायची नाही," असं म्हणत दुसरीच्या त्याने हमालांच्या शिडीसाठी पायऱ्या केल्या.

खोका गावाला गेला. पोती घेतलेले हमाल रोज शिडी चढत राहिले.

"बर्फ निदान वितळायचा तरी," शिडी कण्हली.